अवजार हातात घेऊन बघा : पेटंट परीक्षकांना खुलं पत्र

प्रति,
पेटंट अर्जांची तपासणी करणारे देशभरातील सर्व परीक्षक आणि नियंत्रक,

स.न.वि.वि.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. आधी फिटर, मग टर्नर, शेवटची बारा वर्षं फोरमन. निवृत्त झाल्यावर आसपासच्या छोट्या कारागिरांचे पेटंटचे कागद वाचून द्यायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मी वकील नाही, पेटंट एजंटही नाही. ड्रॉइंग वाचता येतं, आणि गेल्या काही वर्षांत कायद्याचं पुस्तक आणि निकालपत्रं वाचायची सवय लागली आहे. त्या बळावर हे पत्र लिहितोय.

विनंती एकच आहे. हातात धरून चालवायच्या अवजाराची कल्पना जाणकाराला सहज सुचण्याजोगी होती की नव्हती (कायद्याच्या भाषेत, तिच्यात 'कल्पकतेची पायरी' आहे की नाही), हे नुसत्या कागदावरून ठरवू नका. अवजार मागवून घ्या. ते ज्या कामासाठी आहे ते काम त्याने एकदा करून बघा. मग जो निर्णय द्यायचा तो द्या, पण कारणं लिहून द्या.

हे कुठून आलं ते सांगतो.

तासगाव भागातले माझे एक मित्र शेतीची अवजारं बनवतात. वडील लोहारकाम करायचे, हे आयटीआय करून घरच्याच शेडमध्ये बसले. द्राक्षबागेत गर्डलिंग करतात ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. मणी धरल्यावर खोडाची किंवा काडीची साल काही मिलिमीटर रुंदीच्या कड्यासारखी गोल काढून टाकायची. पानात तयार झालेलं अन्न मग मुळाकडे उतरत नाही, घडात राहतं आणि मणी फुगतो. काही आठवड्यांत ती जखम भरून येते. पण सुरी सालीखालच्या लाकडात घुसली की वेल दुखावला, कारण वर चढणारं पाणी त्या लाकडातूनच जातं. साल पुरती निघाली नाही तर सगळी मेहनत वाया.

हे काम करायची सुरी जुनीच आहे. दोन समांतर पाती, मध्ये थोडं अंतर. माणूस खोडाशी गुडघे टेकून बसतो आणि सुरी गोल फिरवतो. खोली किती, हे सगळं हाताच्या दाबावर. जुन्या खोडाची साल एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदासारखी पातळ असते, त्यामुळे कसलेला हातही दिवस कलताना चुकतो. खोली आवरायला बाहेरून टेका लावून बघितलेले लोक आहेत. तो टेका सालीवर टेकतो. साल जाड असेल तिथे कट अपुरा पडतो, पातळ असेल तिथे लाकडात जातो.

माझ्या मित्राने तो टेका आत नेला. पुढे दोन पाती, त्यांच्यामागे कापलेली साल उचलणारं छोटं खुरपं, आणि खुरप्यामागे दोन्ही पात्यांच्या मधोमध एक अरुंद लोखंडी जीभ. सुरुवातीची बोटभर साल हातानेच काढायची, जीभ त्या उघड्या पडलेल्या लाकडावर टेकवायची आणि सुरी फिरवायची. जीभ लाकडावरून सरकत जाते, पाती तिच्या तळापलीकडे उतरूच शकत नाहीत. वरची साल जाड असो की पातळ, तिच्याशी देणंघेणंच उरत नाही. खोली आजवर सालीच्या वरच्या पृष्ठभागापासून मोजत होतो, ती आता लाकडापासून मोजली जाते.

मी स्वतः ती सुरी चालवली आहे. मला बागेतलं काही येत नाही. तरी तिसऱ्या खोडाला माझं कडं नीट निघालं, लाकडावर ओरखडासुद्धा नव्हता.

अर्ज नामंजूर झाला. कोणत्या कार्यालयातून आणि कोणाच्या सहीने, ते मुद्दाम लिहीत नाही. तक्रार माणसाबद्दल नाही, पद्धतीबद्दल आहे. निर्णयात दोन जुने दाखले, म्हणजे आधीपासून माहीत असलेली अवजारं, दिले होते. एक परदेशी दुपाती सुरी, दुसरं खोली आवरायचा टेका असलेलं लाकूडकामाचं अवजार. पुढे दोन ओळी: दोन्ही दाखल्यांतली वैशिष्ट्यं एकत्र करणं या क्षेत्रातल्या जाणकाराला उघड आहे, सबब कल्पकतेची पायरी नाही. संपलं.

हे लिहिताना आमच्या बाजूची चूकही सांगायला हवी. पहिला क्लेम, म्हणजे कशावर हक्क हवा ते सांगणारा परिच्छेद, फार ऐसपैस लिहिला होता: 'खोली मर्यादित करणारी रचना असलेली दुपाती सुरी'. एवढंच वाचलं तर तुमच्या सहकाऱ्याचं म्हणणं बरोबर आहे. खोली आवरायचा टेका कुठल्याही ड्रिल मशीनला असतो, ते काही कोणाला पेटंट म्हणून देता येणार नाही. पण चौथ्या क्लेममध्ये खरी गोष्ट होती, की टेका पात्यांच्या मागे आहे आणि तो उघड्या झालेल्या लाकडावर टेकतो. त्या क्लेमबद्दल निर्णयात एक शब्द नाही. दोन्ही जुन्या दाखल्यांत टेका बाहेरच्या पृष्ठभागावर होता. तो उचलून आतल्या पृष्ठभागावर न्यावा, असं त्यांपैकी कोणता कागद सुचवतो? किंवा कागद सुचवत नसला तरी कारागिराला ते आपणहून का सुचलं असतं? हा प्रश्न विचारलाच गेला नाही.

विचारला असता तर अर्ज मंजूरच झाला असता, असं माझं म्हणणं नाही. कदाचित तुम्ही तिसरा दाखला शोधला असता आणि आम्ही मान खाली घातली असती. पण का हरलो ते कळलं असतं.

हा कारागीर कोण, याबद्दल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे, आणि ते प्रकरण तुम्हा सर्वांना पाठ असणार. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज. मिर्झापूरची भांडी. पितळ आणि जर्मन सिल्व्हरची ताटं-वाट्या लेथवर फिरवून खरवडायच्या आणि पॉलिश करायच्या, त्यासाठी भांडं पकडून ठेवायची युक्ती. आधी ते गरम केल्यावर मऊ पडणाऱ्या चिकटवणीने हेडस्टॉकला, म्हणजे लेथच्या फिरणाऱ्या टोकाला, चिकटवायचे, नाहीतर चकच्या जबड्यात धरायचे. वेळ जायचा, खर्च वाढायचा, कामगाराला धोकाही असायचा. नव्या पद्धतीत समोरून टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या, बाजूने दाब देणारा स्पिंडल भांड्याला हेडस्टॉकवरच्या अडॅप्टरवर दाबून धरतो. अर्ज १३ डिसेंबर १९५१ चा, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १३ डिसेंबर १९७८ चा. बरोबर सत्तावीस वर्षं. त्या काळच्या कायद्यात पेटंटची मुदत सोळा वर्षांची होती. म्हणजे निकाल लागला तेव्हा मुळात वाद घालायला पेटंटच उरलं नव्हतं.

पेटंट टिकलं नाही. दशकानुदशकं माहीत असलेली जुनी युक्ती किरकोळ फेरफार करून भांड्यांच्या कामाला लावली, हा फार तर वर्कशॉपमधला सुधार, असं न्यायालय म्हणालं. टर्नर म्हणून मी तो निकाल वाचला तेव्हा मला पटला. टेलस्टॉकचा दाब कशाला असतो ते लेथवर पहिल्या महिन्यात शिकवतात. लांब जॉब थरथरायला लागला की टेलस्टॉक पुढे आणायचा, हे हाताला इतकं बसलेलं असतं की डोकं वापरावं लागत नाही.

मला त्या निकालातली कसोटी जास्त मोलाची वाटते. न्यायालयाने विचारलं: हा जुना कागद एखाद्या समर्थ कारागिराच्या हाती दिला असता, धंद्यात त्या तारखेला जे सर्वांना माहीत होतं तेवढंच त्याला माहीत असतं, अडचण त्याच्यापुढेही तीच असती, आणि नवा शोध मात्र त्याने पाहिलेला नसता, तर 'मला हवं होतं ते यात आहे' असं तो म्हणाला असता का? निव्वळ हमाली करणाऱ्या हातापेक्षा हा माणूस वरचा आहे, हेही तिथे स्पष्ट केलं आहे. त्याला धंदा कळतो.

'नवा शोध पाहिलेला नसता' या अटीवर थांबा, अशी माझी विनंती आहे. तुमच्या टेबलावर अर्ज येतो तेव्हा उत्तर आधी येतं. ड्रॉइंग समोर असतं, बाणांनी दाखवलेलं असतं, कोणता भाग काय करतो ते लिहिलेलं असतं. ते वाचून तुम्ही जुने दाखले शोधायला बसता. उत्तर माहीत असताना शोधायला निघालं की वाटेतला प्रत्येक दगड मैलाचा दगड वाटतो. यात तुमचा दोष नाही, कामच तसं आहे. आमच्याकडे बिघडलेलं मशीन दुरुस्त झाल्यावर शिकाऊ पोरगाही म्हणतो, 'एवढंच होतं होय?' आदल्या दिवशी तोच पोरगा आमच्याबरोबर चार तास त्या मशीनपुढे उभा असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, त्यातला कळसा काखेत होता हे सापडल्यावर दिसतं. वळसा घालताना दिसत नाही.

माझीच एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी फक्त कारागिराच्या बाजूने बोलतोय असं वाटणार नाही. जुन्या ऑइल इंजिनांचं फ्लायव्हील शाफ्टवर गिबच्या चावीने, म्हणजे डोकं असलेल्या लोखंडी पाचरीने, बसवलेलं असतं. ती चावी काढणं म्हणजे शिक्षा. डोकं आणि हब (चाकाचा मधला भाग) यांच्यामध्ये छन्नी ठोकायची. छन्नी एका बाजूने रेटते, चावी तिरकी होऊन आवळते आणि शेवटी डोकं तुटून उडतं. मी दोन पाचरी समोरासमोर उलट्या बसवून बोल्टने ओढायची पकड तयार केली. दोन्ही बाजूंनी सारखा रेटा, म्हणून चावी सरळ मागे येते. चार वर्कशॉपमध्ये वापरली, सगळे खूश. पेटंट घ्या म्हणाले. मी जुनी पुस्तकं काढली. उलटसुलट पाचरींची जोडी सुतारापासून गवंड्यापर्यंत सगळे वापरतात, मशीन बसवताना लेव्हल करायला मी स्वतः शेकडो वेळा वापरली होती. पाचर एका बाजूने तिरकी रेटते, म्हणून दुसरी उलटी लावा, हे कोणत्याही बऱ्या फिटरला अडचण समोर आली की सुचणारच. सोय झाली म्हणून शोध झाला असं होत नाही. मी अर्ज केला नाही.

आता त्याच्या शेजारी दुसरं अवजार ठेवा. बॉक्स पान्याचं रॅचेट तुम्ही गॅरेजमध्ये पाहिलं असेल. चौकोनी ड्राइव्हवर सॉकेट बसवायचं, आत स्प्रिंगवरचा छर्रा खाचेत बसून ते धरून ठेवतो. जुन्या रॅचेटचं सॉकेट काढायला दुसरा हात लागायचा. हात ग्रीसने माखलेले, सॉकेट गुळगुळीत, बोटं सटकतात, इंजिनाखाली आडवं पडून हे करताना जीव मेटाकुटीला येतो. १९६३ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या गार्डनर गावी पीटर रॉबर्ट्स नावाचा अठरा वर्षांचा मुलगा सीअर्स या मोठ्या कंपनीच्या दुकानात नोकरीला होता. रिकाम्या वेळात त्याने असं रॅचेट बनवलं की डोक्यावरचं बटण अंगठ्याने दाबलं की छर्रा आत पडतो आणि सॉकेट आपलं आपण गळून पडतं. हात एकच पुरे. पेटंट १९६५ मध्ये मिळालं. हक्क त्याच्याकडून सीअर्सने घेतले होते, दर पान्यामागे दोन सेंट, तेही १०,००० डॉलरच्या मर्यादेपर्यंत. पुढे तो पाना लाखोंनी खपला. त्या व्यवहारात मुलाची फसवणूक झाली, हा ज्यूरीचा निकाल वरच्या न्यायालयाने १९७८ मध्ये कायम केला.

पेटंटच्या खटल्यात मात्र प्रश्न आला, की हे उघड होतं का? पिन जुनी, स्प्रिंग जुनी, छर्रा जुना, बटण जुनं. ज्यूरीने पेटंट वैध ठरवलं. १९८३ मध्ये सातव्या सर्किटच्या, म्हणजे तिथल्या केंद्रीय अपील न्यायालयाच्या, पूर्ण पीठाने तो निकाल बाजूला ठेवून खटला नव्याने चालवायला सांगितलं. उघड होतं की नाही हा शेवटी कायद्याचा प्रश्न आहे, तो न्यायाधीशाने स्वतः तोलायला हवा होता, ज्यूरीवर सोडून मोकळं व्हायला नको होतं, असं पीठाचं म्हणणं. मी त्यातून एवढं घेतलं, की ज्याच्याकडे निर्णय आहे त्याने प्रत्येक पायरी स्वतः चढून दाखवायची असते.

ते बटणाचं रॅचेट मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी नोकरीत बरीच वर्षं काढलेली होती. तोवर रोज साधं रॅचेट वापरलं होतं. रोज सॉकेट ओढून काढताना शिव्या घातल्या होत्या. मी, माझे उस्ताद, शेजारच्या शेडमधले वीस-पंचवीस फिटर, यांपैकी कोणालाही 'इथे बटण हवं' असं वाटलं नव्हतं. सॉकेट निसटतं तर बोटाला कापड गुंडाळा, एवढीच आमची झेप. आम्ही सगळे समर्थ कारागीर होतो. कोर्टाने म्हटलेली व्यक्ती म्हणजे आम्हीच. पण माझ्या पाचरीच्या पकडीपुढे तेच पंचवीस फिटर उभे केले असते तर निदान दहाजणांनी तीच पकड बनवली असती. हा फरक ड्रॉइंगमध्ये दिसत नाही. दोन्हीकडे ओळखीचेच सुटे भाग आहेत.

अवजार हातात घ्या म्हणतो ते यासाठी. हातात घेतल्यावर आधी अडचण कळते. अडचण कळली की कारागीर काय काय करून बघेल ते कळतं. आणि नव्या अवजाराने त्यातलंच काही केलंय की वेगळीच वाट धरलीय, हे तेव्हा ठरवता येतं. कारागीर यंत्रासारखा मठ्ठ आहे असंही मानू नका. गाडीच्या पेडलच्या खटल्यात, केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्समध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये हेच म्हटलं, की सामान्य जाणकाराकडेही सामान्य कल्पकता असतेच. मला ते मान्य आहे. मीही दोन वस्तू जोडून तिसरी करणारा माणूस आहे. पण 'जोडता आलं असतं' आणि 'जोडावंसं वाटलं असतं' यांत अंतर आहे, आणि ते निर्णयात दिसायला हवं.

आपल्या कायद्यात याला जागा आहे, नवीन काही मागत नाही. पेटंट कायदा १९७० च्या कलम १० च्या पोटकलम ३ मध्ये नियंत्रकाला अधिकार दिला आहे, की एखाद्या अर्जात शोध समजण्यासाठी गरज वाटली तर मॉडेल किंवा नमुना मागवता येतो. तो नमुना स्पेसिफिकेशनचा, म्हणजे शोधाचं वर्णन करणाऱ्या कागदाचा, भाग होत नाही, पण समजून घ्यायला मागवता येतो. मी ज्या अर्जांचे कागद पाहिले त्यांत एकदाही असा नमुना मागितलेला दिसला नाही. औषधाच्या रेणूचा किंवा सॉफ्टवेअरचा नमुना मागवून काय बघणार, हे मला कळतं. पण सुरी, पाना, पक्कड, कानस, झेला यांचा नमुना पोस्टाने येतो. सुनावणी आता बहुतेक व्हिडिओवर होते. स्क्रीनवर अर्जदार अवजार फिरवून दाखवतो आणि तुम्ही मान हलवता, त्याचं वजन, त्याचा तोल, त्याची जीभ लाकडाला कशी टेकते, यातलं काहीही तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

झेला म्हटल्यावर आठवलं. कोकणात आंबा उतरवायचा झेला म्हणजे बांबूच्या टोकाला जाळी. त्याने आंबा ओढला की देठ तुटतो आणि चीक सालीवर ओघळून डाग पडतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'नूतन झेला' काढला, त्यात देठासकट आंबा कापला जातो. त्याच्या पेटंटबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण चित्रात दोन्ही झेले जवळपास सारखे दिसतात, आणि बागेत एक दिवस दोन्ही वापरणारा माणूस ते एकसारखे आहेत असं कधीच म्हणणार नाही.

हातात घेण्यातला धोकाही मला दिसतो. चांगलं अवजार हाताला मोहवतं. मूठ छान घडवली, तोल साधला, की माणसाला वाटतं काहीतरी मोठं आहे. मुठीचा आकार हा डिझाइन कायद्याचा विषय, पेटंटचा नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३(एफ) मध्येही स्पष्ट आहे, की माहीत असलेली साधनं नुसती शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करत राहिलं तर तो शोध नव्हे. मुठीत टॉर्च, टोकाला पेचकस, मागे बाटली उघडायचा हुक, अशी वस्तू घेऊन कोणी आला तर खुशाल नाही म्हणा. अशी पेटंटं दिली तर उद्या माझ्याच गल्लीतल्या लोहाराला नोटीस येईल, आणि त्याच्याकडे उत्तर द्यायला वकील नसेल. सैल हाताने दिलेलं पेटंट छोट्या माणसालाच आधी चावतं. म्हणून मी कसोटी सैल करा म्हणत नाही.

कारणं लिहून द्या, ही मागणीही नवीन नाही. मार्च २०२२ मध्ये ॲग्रीबोर्ड प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने हेच सांगितलं. जुन्या दाखल्यात काय उघड केलं आहे, अर्जात काय आहे, आणि दाखल्यावरून अर्जातल्या गोष्टीपर्यंत जाणकार कसा पोहोचला असता, या तिन्हींची चर्चा न करता कल्पकतेची पायरी नाही असा नुसता निष्कर्ष चालणार नाही. माझ्या मित्राच्या निर्णयात पहिल्या दोन गोष्टी होत्या. तिसरी नव्हती, आणि खरं काम तर तिसरीतच असतं. त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲव्हरी डेनिसन कंपनीच्या खाचांच्या फासनरबद्दलचा (वस्तू जोडून ठेवायच्या भागाबद्दलचा) नकार बाजूला सारताना म्हटलं, की शोध साधा आहे म्हणून तो बाद होत नाही, आणि जुना दाखला व नवा अर्ज यांत किती काळ गेला हेही बघायला हवं. अवजारांच्या बाबतीत ही काळाची कसोटी मला फार उपयोगी वाटते. एखादा दाखला चाळीस वर्षं जुना असेल, अडचण चाळीस वर्षं रोज लोकांच्या हाताला टोचत असेल, आणि तरी कोणी ते केलं नसेल, तर 'उघड होतं' म्हणण्याआधी एवढ्या हातांना ते का दिसलं नाही याचं उत्तर शोधावं लागेल. कधी उत्तर साधं असतं: साहित्य मिळत नव्हतं, महाग होतं, किंवा गरजच नव्हती. तसं असेल तर तसं लिहा.

माझ्या कारागीर भावांसाठीही दोन शब्द, कारण हे पत्र तेही वाचतील. अमेरिकेत १९६६ चा ग्रॅहम विरुद्ध जॉन डीअर हा खटला आपल्या माळरानासारख्याच दगडाळ जमिनीचा होता. नांगराचा दांडा दगडाला अडकला की मोडू नये म्हणून स्प्रिंगची पकड. नव्या पकडीत दांड्याची जागा वरून खाली नेली होती. दांड्याला त्यामुळे जास्त लवचिकपणा मिळतो, हा मुद्दा वकिलांनी कोर्टात मांडला. न्यायालयाने बघितलं तर तो ना स्पेसिफिकेशनमध्ये होता, ना पेटंट ऑफिसपुढे मांडलेला. पेटंट गेलं. आमच्या सुरीच्या कागदातही जीभ लाकडावर टेकते हे नवव्या पानावर एका ओळीत होतं आणि पहिल्या क्लेममध्ये नव्हतंच. तुमच्या अवजाराचा जीव जिथे आहे ते पहिल्या पानावर लिहा, जुन्या अवजाराने नेमकं काय बिघडायचं तेही लिहा. एजंटने ऐसपैस क्लेम लिहून दिला तर विचारा, की यात माझं असं काय आहे?

जर्मनीत १८९१ पासून छोट्या तांत्रिक सुधारणांसाठी वेगळी, कमी मुदतीची नोंदणी आहे. आपल्याकडे नाही. त्यामुळे जे काही आहे ते तुमच्याच टेबलावर येतं, मोठंही आणि छोटंही. तुमच्यावरचा भार मी समजू शकतो.

माझ्या मित्राने अपील केलं नाही. उच्च न्यायालयात जायला तीन महिन्यांची मुदत असते. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीची ४,००० रुपये, ती त्याने भरली होती. एजंटचे पैसे वेगळे दिले होते. वकिलाची फी ऐकल्यावर तो गप्प झाला, आणि तीन महिने निघून गेले. सुरी आता कोणीही बनवावी, आणि दोघं-तिघं बनवतातही. त्याबद्दल तो काही बोलत नाही. निर्णयाचा कागद मात्र त्याने जपून ठेवलाय. मी गेलो की अजून विचारतो, 'यात तुम्हाला कुठे दिसतं का, त्यांनी माझी जीभ पाहिली होती म्हणून?'

ऑक्टोबर छाटणीच्या बागांना डिसेंबरच्या सुमारास गर्डलिंग सुरू होईल. तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर या. त्याचा अर्ज संपलेला आहे, त्यामुळे त्यात कोणाचा हितसंबंध नाही. शेडच्या मागे काढून टाकलेल्या वेलांची जुनी खोडं ठेवलेली आहेत. जुनी सुरी आणि नवी सुरी दोन्ही देतो. आधी जुनीने पाच कडी काढा, मग नवीने पाच. येणं जमणार नसेल तर पत्ता कळवा, दोन्ही सुऱ्या आणि खोडाचे दोन तुकडे पार्सल करतो. पार्सलचा खर्च आमचा.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त टूलरूम फोरमन, कोल्हापूर